घड्याळाचा झिजलेला कोपरा

१२ जून २०१८, मंगळवार

ही डायरी अंकुरनं, माझ्या नवऱ्यानं, जानेवारीत आणून दिली होती. आजपर्यंत ती शिलाई मशीनच्या एका पायाखाली होती, कारण आमच्या ओसरीची फरशी एका बाजूला खचली आहे. आज तिथं लाकडाचा तुकडा ठोकला आणि डायरी ओल्या फडक्यानं पुसून घेतली. अंकुर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या घेऊन प्रदर्शनं फिरतो, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. घरात मी आणि मामाजी. मामाजींना आधीच शब्द मोजके, तेही हातमागाशी बोलतात. म्हटलं, आपण कागदाशी बोलावं.

मामाजी म्हणजे माझे सासरे, चंद्रभान. आंधळगावात करवती किनारीची साडी विणणारे थोडेच राहिलेत, त्यात त्यांचं नाव पहिलं येतं. सुताच्या कांड्या पोटात घेऊन धावणारे तीन धोटे चालवायचे, अंगाचा एक आणि दोन्ही किनारींचे एकेक, आणि किनारीचे दात करवतीसारखे एकमेकांत अडकवत न्यायचे. मी लग्न होऊन भंडाऱ्याहून इथं आले तेव्हा बघत उभीच राहिले होते. मग लक्षात आलं की मागाखाली केवढा कचरा पडलाय, आणि झाडू आणायला गेले. माझा स्वभावच तसा आहे. अंकुर म्हणतो, तुला देव दिसला तरी आधी त्याच्या मूर्तीवरची धूळ दिसेल.

आजची कटकट घड्याळाची. मामाजींचं एक जुनं जपानी घड्याळ आहे, सेको फाइव्ह, स्टीलचं. ते हल्ली बंद पडतं. मामाजी सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले, मनगट कानाला लावलं आणि म्हणाले, "कीर्ती, घडी बंद पडून राहिली वो. घडी बंद असली का हात चालत नाही माहा."

मी म्हटलं, सेल गेला असेल, बदलून आणते. त्यांनी मान हलवली. नंतर दोनदा विचारलं, आज वार कोणता. म्हटलं, पळत्या माणसाचा.

हे पळत्या माणसाचं प्रकरण लिहून ठेवायला हवं. त्या घड्याळात वार जपानी अक्षरात येतो. माझ्या सासूबाईंना, शेवंताबाईंना, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याच्या मनगटावरची चित्रं त्या वाचायच्या. सोमवारची शिडी, मंगळवारचा पळता माणूस, बुधवारचा खेकडा, गुरुवारचं झाड, शुक्रवारचं घर, शनिवारी तुळशीचं वृंदावन आणि रविवारी लाल खिडकी. त्या जाऊन सहा वर्षं झाली, पण या घरात अजून कुणी गुरुवार म्हणत नाही. झाडाच्या दिवशी या, असं मी एकदा ब्लाउजच्या गिऱ्हाइकाला सांगून बसले होते. अंकुरनं मागं मोबाइलवर शोधलं, तर जपानीत त्या अक्षराचा अर्थ खरंच झाड निघाला. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मंग झाडाले झाड नाही तं काय म्हनतीन.

१५ जून, शुक्रवार

मोहाडीच्या दुकानात गेले. पोरानं घड्याळ उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, यात सेल नसतोच, ताई. मी म्हटलं, मग चावी दे. तर चावीही देता येत नाही. चारच्या आकड्याजवळ एक बारीक बोंडी आहे, अर्धी पोटात दडलेली. ती काटे फिरवते, पण घड्याळ भरत नाही. म्हणजे चालतं कशावर, ते त्यालाही नीट सांगता येईना.

घरी येऊन मामाजींना विचारलं, तर त्यांना दिल्लीची गोष्ट आठवली. ती मी खूपदा ऐकली आहे. आज मात्र त्यांनी ती फार छान सांगितली, मध्येच उठून हातांनी करून दाखवली. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साली विणकर सोसायटीनं त्यांना दिल्लीच्या मेळ्यात माग घेऊन पाठवलं होतं. एक जपानी गृहस्थ सकाळी येऊन मागाजवळ बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तो मामाजींच्या हाताकडे बघायचा, मग स्वतःच्या मनगटाकडे. शेवटच्या दिवशी मामाजींनी त्याच्या खांद्यावर कोशाचं उपरणं टाकलं. त्यानं घड्याळ काढून यांच्या डाव्या हातावर बांधलं, यांचा हात धरून मागावर ठेवला आणि धागा ठोकणारी फणीची चौकट मागंपुढं ओढायला लावली. मग काट्याकडे बोट दाखवून हसला.

मामाजी म्हणाले, "तो म्हने, तुह्या हाताले हे सोभते."

त्याला मराठी येत नव्हतं आणि यांना जपानी, मग हे कळलं कसं, असं मी चिडवलं. तर म्हणाले, समजते ना.

मागावरच्या साडीत किनारीचे दात एके ठिकाणी उलटे दिसले. नवीन नमुना करताहेत वाटतं. मी वरून चादर टाकून ठेवली, धूळ नको बसायला. एक मात्र बरं झालंय, हल्ली मागाखाली कोशाचा कचरा पडत नाही. या वयात माणूस नीटनेटकं होतं की काय कोण जाणे.

२१ जून, गुरुवार. झाड.

आज भंडाऱ्याला जाऊन आले. माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी वासुदेवरावांचं घड्याळाचं दुकान आहे. दुकान म्हणजे काचेची एक पेटी आणि त्यामागं ते. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हापासून निम्मं गिऱ्हाईक तिकडं गेलं, ही त्यांची तक्रार मी शाळेत असल्यापासून ऐकते.

घड्याळ बघून मात्र माणूस खुलला. मागचं झाकण काढलं आणि मला भिंग डोळ्याला लावून बघायला लावलं. आत अर्ध्या चंद्रासारखी जाड पत्री आहे. हात हलला की ती गरगर फिरते. तिच्याखाली दोन नखांची एक इवलीशी पट्टी. पत्री उजवीकडे फिरो की डावीकडे, पट्टीचं एक नख चाक ढकलतं आणि दुसरं ओढतं, पण चाक फिरतं एकाच दिशेला. त्यातून आतली कमान भरते. विलायती घड्याळात याच कामाला चाकांची माळ लागते, जपान्यांनी एका पट्टीत भागवलं. खाली लाल ठिपके होते, ते माणिक, एकवीस. डायलवर खाली सुईच्या टोकाएवढी भोवऱ्यासारखी खूण होती. ती सुवा नावाच्या गावच्या कारखान्याची. ते गाव मोठ्या तळ्याकाठी, आणि आधी त्या भागात रेशमाचे कारखाने होते. कोश उकळून सूत काढणाऱ्यांचा तो मुलूख. रेशमाचे दिवस गेले आणि पुढं तिथं घड्याळं होऊ लागली. मी म्हटलं, म्हणजे आमच्यासारखंच की, तलाव आणि कोसा. ते म्हणाले, तुमच्याकडं घड्याळं व्हायची राहिलीत.

मग डावा वरचा कोपरा दाखवला, पट्टा अडकतो तिथला. बाकी तिन्ही कोपऱ्यांना धार आहे, हा तेवढा झिजून साबणाच्या वडीसारखा झालाय. फणीची चौकट धरलेला हात, त्यावर रोजची घासणी. वासुदेवराव त्यावरून अंगठा फिरवत राहिले. मला त्या कोपऱ्यात काळा मळ दिसला, तो मी पदरानं पुसला.

"हिले काही झालं नाही बाई," ते म्हणाले. "हे सेलवर नाही, चावीवर नाही. हातावर चालते. घालून काम केलं का चालनच."

मी म्हटलं, अहो, ते तर अंघोळीलाही काढत नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. ठेवून जा म्हणाले, तेलपाणी करतो, चार दिवस माझ्या हातावर घालून बघतो.

२९ जून, शुक्रवार

वासुदेवराव म्हातारे झाले, दुसरं काय. त्यांच्या हातावर घड्याळ एकदाही थांबलं नाही म्हणे. इथं आणलं, मामाजींच्या हातावर बांधलं, आणि आज दुपारी परत बंद. घराच्या चित्रावर आलं आणि थांबलं. बसने जायचं-यायचं, तेलाचे पैसे द्यायचे आणि हे असं. वासुदेवरावांना फोनवर चांगलं सुनावलं. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "चंद्रभानजी करते काय दिवसभर?" म्हटलं, मागावर बसतात, आणखी काय करणार.

बसतातच. आजही सकाळपासून खड्ड्यात पाय सोडून बसले होते. मी मशीनवर असते, त्यामुळं धोट्याचा आवाज मला येत नाही. जेवायला बोलवायला गेले तर विचारलं, शेवंता कांड्या भरून राहिली होती, कुठं गेली. मला वाटलं माझी फिरकी घेताहेत. मी म्हटलं, बाजारात गेल्या आहेत. ते म्हणाले, बरं, येऊ दे मग. आणि जेवले.

काम मंदावलंय हे खरं आहे. पण घड्याळच धड नसेल तर माणसाचं मन कसं लागेल? पंचेचाळीस वर्षांची सवय आहे. एकदा ते घड्याळ नीट झालं की सगळं रुळावर येईल, असं मी अंकुरला फोनवर सांगितलं. त्यालाही पटलं.

१० जुलै, मंगळवार

आनंदाची बातमी. सात ऑगस्टला, हातमाग दिनाला, भंडाऱ्यात मामाजींचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. पुंडलिकराव सांगत आले. ते समोरच्या घरात राहतात, मामाजींबरोबर लहानपणापासून विणतात. बातमी आनंदाची आणि यांचा चेहरा पडलेला. मला वाटलं, मनुष्यस्वभाव, सत्कार मित्राचा झाला आपला नाही. चहा प्याले आणि मागावरच्या चादरीकडे बघत बसले.

मी धोतर, सदरा, टोपी सगळं काढलं. घड्याळाकडे बघितलं तर जीव हळहळला. काचेवर ओरखडे, डायल चहासारखा तांबूस, सहाच्या आकड्याजवळ पाण्याचा डाग. एका पुरात सुताची गाठोडी डोक्यावर घेऊन मामाजी छातीभर पाण्यातून आले होते, तेव्हाचा तो डाग. स्टेजवर फोटो निघणार आणि हातात हे. अंकुर म्हणाला, नागपूरला एक दुकान आहे, जुनी घड्याळं नव्यासारखी करून देतात. त्यानं मोबाइलवर आधीचे-नंतरचे फोटो पाठवले. बघून विश्वास बसत नाही.

मामाजींना विचारलं. त्यांनी बराच वेळ मनगट पोटाशी धरलं. मग स्वतः पट्टा सोडला.

"तू नेऊन राहिली म्हनून देतो. दुसऱ्याले नसती देली. नीट आनजो."

मला फार बरं वाटलं. सख्ख्या मुलाला त्यांनी ते घड्याळ कधी हातात धरू दिलं नाही.

२४ जुलै, मंगळवार

दुकानवाला अजून चार दिवस, अजून चार दिवस करतोय. मामाजींचं मन थाऱ्यावर नाही. मनगटावर जिथं घड्याळ होतं तिथं कातडी पांढरी आहे, तिच्यावर बोटं फिरवत राहतात. काल पुंडलिकरावांच्या घरी जाऊन विचारलं, माही घडी इथं राहिली काय. रोज सांगते, मी दुरुस्तीला दिलीय, सत्काराआधी येईल. हो हो म्हणतात. घटकाभरानं पुन्हा विचारतात. आज मी चिडले. नंतर वाईट वाटलं, म्हणून शेवया केल्या.

३ ऑगस्ट, शुक्रवार

घड्याळ आलं. अंकुर स्वतः घेऊन आला. काय सांगू, डब्यातून काढलं तर मला ओळखूच आलं नाही. निळाशार डायल, आरशासारखं स्टील, नवी काच. चारही कोपऱ्यांना एकसारखी धार. वार आता इंग्रजीत येतो, जुनी चकती मळली होती म्हणून त्यांनी बदलून टाकली. अंकुर आणि मी आळीपाळीनं हातात घेऊन बघत होतो.

मामाजींच्या हातावर मी बांधलं. त्यांनी बघितलं. डाव्या वरच्या कोपऱ्यावर अंगठा नेला, आणि तो तिथंच अडला. पुन्हा फिरवला. मग शांतपणे पट्टा सोडून घड्याळ माझ्या हातात दिलं.

"ज्याची होय त्याले देऊन दे, बाई."

मी समजावलं, अंकुरनं समजावलं. ते ऐकून घेत होते, परक्या माणसाचं ऐकावं तसं, नम्रपणे. सवय होईल. नव्या चपलेलाही दोन दिवस लागतात.

मला त्यांनी बाई म्हटलं. कीर्ती नाही म्हटलं.

७ ऑगस्ट, मंगळवार

लिहू नये असं वाटतंय. पण लिहिलं नाही तर ते डोक्यात तसंच राहील.

हॉल भरला होता. मामाजी पांढऱ्या कपड्यात फार देखणे दिसत होते. पाहुण्यांनी शाल घातली, फोटोवाला पुढं आला, आणि मामाजींनी पाहुण्यांचा हात धरला. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ जवळ नेऊन बघितलं, कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि सोडून दिलं. मग माइकसमोरच म्हणाले, "साहेब, माही घडी गेली. ते बाई घेऊन गेली. द्याले लावा ना तिले."

आणि माझ्याकडे बोट केलं. मी पहिल्या रांगेत होते, नवं घड्याळ माझ्या पर्समध्ये. लोक थोडे हसले, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसे, मायेनंच. अंकुरनं मान खाली घातली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

येताना गाडीत मामाजी झोपले. मी पुंडलिकरावांना म्हटलं, घड्याळ बंद पडायला लागलं तेव्हापासून यांचं बिनसलं. ते मोहाडी मागं पडल्यावर म्हणाले, "होळीपासून धोटा नाही फेकला त्यानं. तीन धोट्यांची चाल इसरला तो. तेच लुगडं हाय मागावर. तुले दिसलं नाही काय वो?"

मी म्हटलं, पण ते रोज बसतात.

"बसते. हात नाही चालत. मंग घडी कशी चालन?"

घरी आल्यावर मी मागावरची चादर काढली. उलटे दात होते, ते अजून तिथंच होते. त्यापुढं एक बोटही विणलेलं नव्हतं. नवीन नमुना वगैरे काही नव्हतं. तिथं त्यांना आठवेनासं झालं आणि तिथंच ते थांबले, आणि मी वरून धूळ बसू नये म्हणून रोज चादर टाकत होते.

९ ऑगस्ट, गुरुवार

वासुदेवरावांकडे गेले. घड्याळ काचेवर ठेवलं. त्यांनी हात लावला नाही, नुसतं बघितलं. म्हटलं, होतं तसं करून द्या. ते म्हणाले, निळा रंग काढता येईल, पण खालचं नागपूरवाल्यांनी खरडून टाकलंय, तो डाग, ती भोवऱ्याची खूण, काही उरलं नाही. झिजलेला कोपरा त्यांनी भरून घासला आहे. नागपूरच्या दुकानात फोन लावला तर वाराची जुनी चकती कचऱ्यात गेली होती. मी विचारलं, निदान तो कोपरा पुन्हा घासून देता येईल का, कानशीनं. म्हणाले, कानशीनं कोपरा गोल होईल, तसा होणार नाही. चंद्रभानजींच्या अंगठ्याला कळेल.

मला ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, मीच स्पष्ट बोलायला हवं होतं. त्या दिवशी मला शंका आली होती, पण सुनेला कसं सांगावं की घड्याळ बरं आहे, घालणारा बरा नाही.

डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी या विसरण्याच्या आजाराला नाव दिलं. यापुढं वाढत जाईल म्हणाले. घड्याळामुळं झालं का, मी विचारलं. नाही म्हणाले. पण अशा माणसाला ओळखीच्या वस्तूंचा आधार असतो, त्या हलवू नका. मी मान डोलावली. मी वस्तू हलवल्या नव्हत्या, मी पुसून टाकल्या होत्या. मामाजींकडे स्वतःची म्हणून खात्रीची एक वस्तू होती, त्यांनी ती विश्वासानं माझ्या हातात दिली आणि मी तिचा पत्ताच नाहीसा केला. आता ते म्हणतात मी चोरली, तर त्यांचं काय चुकलं?

११ सप्टेंबर, मंगळवार

माझ्या हातचं जेवत नाहीत. पुंडलिकरावांच्या घरून ताट येतं. मला घडीवाली बाई म्हणतात. दिवसभर शोधतात, कोनाड्यात, गादीखाली, सुताच्या टोपलीत. मी मागं मागं आवरत जायची, ते आता सोडलं. पसरलेलं पसरलेलं राहू दे.

२० सप्टेंबर, गुरुवार

परवा एक सुचलं. ब्लाउजच्या जुन्या पुठ्ठ्यांवर काळ्या पेननं ती सात चित्रं काढली, आठवतील तशी. खेकड्याचे पाय बरोबर आले नसतील. रोज सकाळी त्या दिवसाचं चित्र मागाच्या खांबाला लावते.

आज ते खांबाजवळ उभे राहिले. बोटानं रेघा गिरवल्या. मी मशीनवर मान खाली घालून बसले होते, वर बघायची भीती वाटत होती.

"शेवंता," ते म्हणाले, "आज झाड होय ना?"

घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी म्हटलं, "होय, झाड होय." आवाज माझा वाटेना. ते म्हणाले, "मंग जेवाले वाढ." पोटभर जेवले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मला अजून कळत नाही की ते वाईट वाटून होतं की बरं वाटून.

८ ऑक्टोबर, सोमवार. शिडी.

मी विणायला शिकतेय. अंकुरला वाटलं मी थट्टा करतेय. मामाजींचा माग तसाच ठेवला, त्याला हात लावायचा नाही असं मी स्वतःलाच बजावलंय. पुंडलिकरावांचा एक जुना माग पडून होता, तो ओसरीत बसवला. साधं उपरणं, एकच धोटा, किनार नाही. पुंडलिकराव शिकवतात आणि शिव्या घालतात. सूत तुटतं, बोटं सोलतात, कंबर धरते. मशीनवर चार ब्लाउज होतील एवढ्या वेळात इथं वीतभर होतं.

ते निळं घड्याळ मी डाव्या हातावर बांधते. ठेवून काय करू? कपाटात ठेवलं तर बंद पडतं. आणि इथं दिवसभर चालतं, मिनिटभर मागं-पुढं होत नाही. त्याला कधीच काही झालं नव्हतं.

आज धोट्याचा आवाज ऐकून मामाजी बाहेर आले. पुष्कळ वेळ ऐकत उभे होते. मग सूत गुंडाळायचा सासूबाईंचा रहाट ओढला आणि भिंतीला टेकून कांड्या भरायला बसले. माझ्या कांड्या. ते काम सासूबाई करायच्या, मामाजींनी जन्मात केलं नव्हतं. पण हात सुतावर गेला आणि चालायला लागला. पुंडलिकराव काहीतरी काम काढून घरी निघून गेले.

१ नोव्हेंबर, गुरुवार. झाड.

दिवाळी आली. मी घर झाडलं, पण जास्त नाही.

दुपारी मामाजी भरलेल्या कांड्या द्यायला आले आणि माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता घडीवाली बाई म्हणतील, चोर म्हणतील. त्यांनी अंगठा त्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला. धार तशीच आहे, मी एवढे दिवस विणूनही तशीच. ते हळूहळू अंगठा फिरवत राहिले.

"नवी होय," म्हणाले. "लय विनावं लागन अजून."

मी विचारलं, किती. ते हसले, मनगट सोडलं आणि माझा हात उचलून फणीच्या चौकटीवर ठेवला.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

मामाजी सकाळी गेले. झोपेतच. अंकुर रात्रीच आला होता, तेवढं बरं झालं. त्यांच्या उशाशी भरलेल्या कांड्यांची टोपली होती.

मनगटावरचा पांढरा पट्टा अजून तसाच होता. बायका म्हणाल्या, त्यांचं घड्याळ घाला हातावर. मी घातलं नाही. त्यांनी ते परत केलं होतं.

९ डिसेंबर, रविवार. लाल खिडकी.

त्यांनी भरलेल्या कांड्या पुरवून पुरवून वापरत होते. आज शेवटची संपली आणि तिच्याबरोबर उपरणंही. दोन्ही काठ वाकडे, मधे एक गाठ. पुंडलिकराव म्हणाले, असलं कोणी घेनार नाही. म्हटलं, विकायचंच नाही.

मागावरून उठताना घड्याळावर ऊन पडलं, तेव्हा दिसलं. डाव्या वरच्या कोपऱ्यावर एक ओरखडा. केसाएवढा, चौकट घासून झालेला. सवयीनं पदराचं टोक हातात आलं, घासून काढायला. मग मी पदर सोडला, आणि नव्या उपरण्याचा ताणा लावायला घेतला.